सुभानास सोडूनये

"आता काय दिसतंय?" शशिकांतनं विचारलं.

"दिवे गेलेत," मी म्हणालो.

"उजेड-अंधार कळतो मला, गिजरे. पडद्यावर काय आहे ते सांगा."

"जाहिरात आहे. साडीची. एक बाई जिन्यावरून उतरतेय."

"ती उतरू दे. सिनेमा लागला की सांगा."

सांगा. गिजरे. हाच माणूस मला एकेकाळी वाम्या म्हणायचा, आणि तेही रस्त्याच्या पलीकडून ओरडून. थिएटरच्या पायऱ्यांवर त्याचा हात धरून आत आणला तेव्हापासून मी त्याच्या तोंडून 'तू' यायची वाट बघत होतो. तो 'तुम्ही'वरच होता. त्याच्या डाव्या हाताला त्याची भाची रोहिणी बसली होती आणि उजव्या हाताला मी. तीनचा खेळ, कऱ्हाडातलं जुनं थिएटर, आणि सगळी मिळून चाळीस-पन्नास माणसं. दोन हजार सहा साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो, शशिकांतही तेवढाच.

आदल्या दिवशी रोहिणीचा फोन आला होता. "काका, तुम्ही मला ओळखत नाही. मी शशिकांत डुबलांची भाची. मामा आठ दिवस इथं आलेत. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय, परवा मी त्यांना बेळगावला माझ्याकडे घेऊन जातेय. जायच्या आधी त्यांना हैबतीचा नवीन सिनेमा बघायचाय. म्हणजे ऐकायचाय. शेजारी बसून कुणीतरी सांगायला हवं."

"तुम्ही सांगाल की," मी म्हणालो.

"मी म्हटलं तसं. तर म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं, गिजऱ्यांना विचार."

येतो म्हणून फोन ठेवला आणि नंतर येत नाही असं कळवायला दोनदा उचलला. अठ्ठावीस वर्षं आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण माहीत असतं. मला ते माहीत नव्हतं. तीन तासांच्या त्या खेळात मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती: मी काय केलं होतं? परवा तो बेळगावला गेला की विचारायचं राहूनच जाणार होतं.

जासूद हैबती आता कुणाला आठवत नसेल, म्हणून थोडं सांगतो. आमच्या कॉलेजच्या दिवसांपासून पुढे त्याचे तीन सिनेमे आले. मराठेशाहीतला हा जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा आणि बातमी काढणारा माणूस, दऱ्याखोऱ्यांतून खलिते घेऊन धावायचा, भुयारांत उतरायचा, आणि त्याच्या मागे त्याचा जोडीदार सुभान मशाल घेऊन असायचा. आम्ही दोघं त्या सिनेमांनी झपाटलो होतो. पडद्यावरचे खलिते मोडी लिपीत असत. ते आपल्याला वाचता आले पाहिजेत म्हणून आम्ही माझ्या वडिलांकडून मोडी शिकलो. वडील निवृत्त तलाठी होते, मोडी त्यांच्या हातात होती. पुढे आम्ही एकमेकांना पोस्टकार्डंही मोडीतच लिहायचो. पोस्टमन कार्ड उलटसुलट करून बघायचा आणि हात टेकायचा. आमच्या घरात मात्र वडील ते माझ्याआधी वाचून ठेवायचे.

तिसरा सिनेमा अठ्ठ्याहत्तर साली आला. त्याचा शेवट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. भुयारात पाणी शिरतंय, सुभान एका शिळेमागे अडकलाय, आणि बाहेरून सुभेदाराचा खलिता येतो. हैबती तो मशालीच्या उजेडात वाचतो: सुभानास सोडून ये. वाचून डोळे पुसतो आणि एकटा बाहेर येतो. संपला सिनेमा.

त्याच वर्षी शशिकांत मुंबईला गेला. त्याला साहसकथांचं मासिक काढायचं होतं. मला पाटबंधारे खात्यात नुकतीच नोकरी लागली होती. मी त्याला कार्ड टाकून विचारलं: नोकरी सोडून तुझ्याकडे येऊ का? जे सांगशील ते करीन. त्याचं उत्तर आलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर वडील ओसरीवर कार्ड हातात घेऊनच बसले होते. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: नोकरी सोडू नये, बाकी भेटीत. "शहाणा मुलगा आहे," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं."

मग मी गेलो नाही. मी लिहिलेल्या पुढच्या चारही कार्डांना त्याचं उत्तर आलं नाही. ज्यानं मला येऊ नको म्हणून सांगितलं त्यानंच मला टाकलं, हे कोडं मला इतकी वर्षं सुटलं नव्हतं.

"लागला," मी म्हणालो.

"बोला मग."

"डोंगर आहेत. धुकं. हैबती पळत येतोय."

"स्वतः पळतोय?"

हैबतीचं काम करणारा नट तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. "पाठमोरा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे दुसराच कोणीतरी पळतोय." शशिकांत हसला नाही. "तोंड दाखवलं की सांगा."

"दाखवलं. मिशीला कलप लावलाय. गालफडं बसलीत."

"आणि डोळे?"

"डोळे तेच आहेत."

तो खुर्चीत मागे टेकला. त्यानंतर अर्धा तास तरी मी सांगत होतो आणि तो ऐकत होता. सिनेमा वाईट होता. जुन्या दिग्दर्शकाच्या मुलानं तो काढला होता. नदीचं पाणी कॉम्प्युटरवर केलेलं कळत होतं, आणि हैबतीच्या जोडीला एक तरुण पोरगा दिला होता, तो दर दहा मिनिटांनी गाणं म्हणायचा. गाणं लागलं की शशिकांत म्हणायचा, "हे सांगू नका," आणि मी गप्प बसायचो. ती गप्प बसण्याची मिनिटं मला नको वाटायची. मी विचारायला तोंड उघडायचो आणि गाणं संपायचं.

मग पडद्यावर म्हातारा हैबती आपली जुनी पेटी उघडतो. आवाज सगळा बंद झाला. त्यानं एक घडी घातलेला कागद उलगडला आणि तो कागद पडदाभर दिसला.

"काय झालं? आवाज का गेला?"

"कागद दाखवतायत. तोच खलिता."

"कुठला?"

"भुयारातला. सुभेदाराचा."

"वाचा."

आणि मी वाचलं. विचार न करता, जसं तोंडात आलं तसं. "सुभानास सोडू नये."

शशिकांतचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो तिथून उचलला गेला.

"परत वाचा."

"सुभानास..." मी पुन्हा बघितलं. कागद अजून पडद्यावरच होता. "सोडू नये."

"मागच्या सिनेमात हैबतीनं काय वाचलं होतं?"

"सोडून ये."

"मग ह्यांनी कागद बदलला का?"

"नाही. अक्षरं तीच आहेत."

"अक्षरं मला पाठ आहेत," तो म्हणाला. "तू कुठे तोडलंस ते विचारतोय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, घरी जाऊन बोला की." मी मान खाली घातली. दुपारभर ज्याची वाट बघितली तो 'तू' आला होता.

मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी एक लांब रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं जोडत जायची. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. सोडूनये. सोडू नये म्हटलं तर एक, सोडून ये म्हटलं तर बरोबर उलटं. मनातल्या मनात वाचताना ते एकदम दोन्ही राहू शकतं. मोठ्यानं वाचायचं झालं की कुठेतरी तोडावंच लागतं.

पडद्यावर सुभेदार आता मरणशय्येवर होता आणि हैबतीला सांगत होता, "मी सोडू नये लिहिलं होतं रे, हैबती. तू काय वाचलंस?" थिएटरात सगळे एकदम हं म्हणाले. मी शशिकांतला सुभेदाराचा चेहरा सांगितला नाही, कारण मी बघतच नव्हतो. मला आमच्या ओसरीवरचं ते कार्ड दिसत होतं. नोकरीसोडूनये.

मध्यंतर झालं. दिवे लागले.

"रोहिणी, तू चहा घेऊन ये," शशिकांत म्हणाला.

"मामा, इथं चहा चांगला नसतो. तुम्हीच म्हणाला होता."

"मग वाईट घेऊन ये. वेळ लागला तरी चालेल."

ती माझ्याकडे बघून गेली. शशिकांत पडद्याकडे तोंड करून बसला होता.

"तुझं कार्ड," मी म्हणालो.

"हं."

"तू काय लिहिलं होतंस? सोडू नये की सोडून ये?"

"जोडून लिहिलं होतं."

"ते कळलं रे. पण तुझ्या मनात काय होतं?"

"जोडून लिहायचंच मनात होतं." तो सावकाश बोलत होता, जणू पूर्वी कधीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. "तू लिहिलं होतंस, जे सांगशील ते करीन. मी ये म्हटलं असतं तर तू आला असतास. आणि मग मासिक बुडालं असतं की जन्मभर मला ऐकवलं असतंस."

"मी कधी कुणाला ऐकवत नाही."

"गप्प राहून ऐकवलं असतंस. मला माहीत नाही का तू?" मग तो म्हणाला, "तुझं तूच ठरवावंस असं मला वाटलं. म्हणून हैबतीची युक्ती केली. तू कुठे तोडतोस ते बघायचं होतं."

"मासिक बुडालं?"

"चार वर्षांनी. मग छापखान्यात प्रुफं वाचली, डोळे होते तोवर. विषय बदलू नको."

"मी आलो नाही म्हणून तू रागावलास?"

"मुळीच नाही. तू सोडू नये वाचलं असतंस तरी चाललं असतं. कार्ड टाकायचंस, बाबा, मी असं असं वाचलं. मी दोन ओळींची वाट बघत होतो."

"मी चार कार्डं टाकली."

"नंतर. पहिलं उत्तर कुणाचं आलं माहीत आहे? तुझ्या वडिलांचं." मान जरा मागे टाकून, वडिलांच्या त्या तलाठी आवाजात, त्यानं म्हणून दाखवलं: "चिरंजीव वामन यांस नोकरी न सोडण्याचा योग्य सल्ला दिलात, त्याबद्दल आम्ही उभयता आपले आभारी आहोत."

हे मला माहीत नव्हतं. वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि त्यांनी कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"मी तुला लिहिलं आणि उत्तर तुझ्या वडिलांनी दिलं," शशिकांत म्हणाला. "त्यानंतर तुझी कार्डं आली, त्यात काय? पाऊस बरा आहे, ऑफिसात काम फार आहे. मी म्हटलं, ठीक आहे."

"कार्ड त्यांनीच वाचून दाखवलं रे मला. मी ऑफिसातून आलो तर त्यांच्या हातात होतं. त्यांनी सोडू नये असं वाचलं, म्हणून मी..."

"तुला वाचता येत नव्हतं?"

मी खुर्चीच्या दांडीवरचा रंग नखानं खरवडायला लागलो.

"तिसरा सिनेमा आपण पाच वेळा बघितला, वामन. चौथ्या वेळेला माझा दंड धरून तू म्हणालास, अरे, हैबती चुकीचं वाचतोय, ते सोडू नये पण होऊ शकतं. अख्ख्या थिएटरात ते दिसलं कुणाला? तुला. मला तूच दाखवलंस. मग तुझ्या स्वतःच्या कार्डात तुला ते दिसू नये?"

ही गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहायला हवी होती. आजवर ही हकीकत मी दोघातिघांना सांगितली, त्यांनाही इथपर्यंत येईस्तोवर सांगितली नाही.

"बोल की," तो म्हणाला. "हैबतीनं सोडून चूक केली, तू न सोडून केलीस असं मी म्हणत नाही. पेन्शन मिळेल तुला, बरंच आहे. मला एवढंच सांग, तुला दिसलं होतं का नव्हतं?"

मी हो म्हणणार होतो असं मला अजून वाटतं, पण खात्री नाही. तेवढ्यात घंटा झाली, रोहिणी तीन कप सांभाळत रांगेतून आली, आणि एका माणसाच्या पायावर चहा सांडला म्हणून त्याची माफी मागत बसली. दिवे गेले. शशिकांतनं कप हातात घेतला आणि तोंड पुढे केलं.

"सांगा, गिजरे," तो म्हणाला.

पुन्हा सांगा. पुन्हा गिजरे.

पुढचा तासभर मी सांगत राहिलो. हैबती घाट उतरला, पोरगा दरीत पडला आणि झाडाला अडकला, कुणीतरी तोफ डागली. माझा आवाज बसका झाला होता. शशिकांत मध्ये एकदाही काही विचारत नव्हता. रोहिणीनं एकदा वाकून विचारलं, "मामा, बरं वाटत नाही का?" तर म्हणाला, "बरं आहे. ऐकतोय." मला वाटलं, सिनेमा संपेल, पायऱ्यांपर्यंत मी त्याचा हात धरीन, ती रिक्षा बोलवेल, आणि झालं. माझं काय चुकलं होतं ते मला कळलं होतं. पण मला ते आधीपासूनच ठाऊक होतं हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

शेवटी हैबती त्या भुयारात पोचला. शिळा ढकलली गेली. आणि आतून सुभान बाहेर आला, जिवंत, गुडघ्यापर्यंत पांढरी दाढी.

सगळं थिएटर हसलं. कुणीतरी शिट्टी मारली. पुढून एकजण ओरडला, "इतकी वर्षं खाल्लं काय?" आणि मागून कुणीतरी उत्तर दिलं, "वटवाघळं."

"काय झालं? का हसतायत?" शशिकांतनं विचारलं.

"सुभान जिवंत आहे."

तो खुर्चीत सरसावून बसला. "काय सांगतोस?"

"समोर उभा आहे. दाढी वाढलीय."

हसणं हळूहळू थांबलं, कारण पडद्यावर कुणीच बोलत नव्हतं. संगीत नव्हतं. नुसतं पाणी ठिबकत होतं आणि ते दोघे समोरासमोर उभे होते.

"चेहरा कसा आहे त्याचा?" शशिकांत माझ्याकडे झुकला. "रागावलाय का?"

मी बघितलं. जुना सुभान केव्हाच वारला होता, हा दुसराच नट होता, आणि त्या नकली दाढीतून काहीही दिसत नव्हतं. कळत नाही, असं म्हणता आलं असतं. मी जन्मभर तेच म्हणत आलो होतो.

"रागावलाय," मी म्हणालो.

"असणारच. आणि हैबती?"

"मान खाली घालून उभा आहे."

"मग बोलत का नाही?"

"त्याला बोलायचंय." माझा आवाज मोठा होत चालला होता, हे मला कळत होतं. "खलिता आला तेव्हा त्याला दोन्ही दिसलं होतं. सोडू नये पण आणि सोडून ये पण. पण वाचणाऱ्यानं एकदा मोठ्यानं वाचलं, आणि त्याला सुटल्यासारखं झालं. आपल्याला ठरवायला लागलं नाही म्हणून. तो कागद त्यानं परत उघडलाच नाही. भीती वाटत होती, परत उघडला तर दुसरं दिसेल."

रोहिणी पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागली. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. तिथं एव्हाना भुयार, हैबती, सुभान सगळं जाऊन माळरान आलं होतं आणि वीस-पंचवीस घोडेस्वार धुरळा उडवत चालले होते. टापांनी थिएटर दणाणत होतं.

"हे घोडे कुठून आले मग?" शशिकांतनं विचारलं.

"ते दुसऱ्या कुणाचे आहेत," मी म्हणालो. "हे दोघं अजून तिथंच उभे आहेत."

"खोटं बोलतोयस."

"हो."

मागून कुणीतरी पुन्हा म्हणालं, "काका, हळू." शशिकांतनं त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. त्यानं हातातला रिकामा कप रोहिणीकडे दिला आणि कान माझ्याजवळ आणला.

"बोल पुढे," तो म्हणाला.